नाव बदलून द्या, पुस्तक काढतो : संपादक-प्रकाशकांना खुलं पत्र

मराठी प्रकाशक आणि दिवाळी अंकांचे संपादक यांस,

स. न. वि. वि.

पत्र खुलं लिहिते आहे, कारण खासगीत बोलायचं ते बोलून झालं, आणि खासगीत तुम्ही सगळे फार गोड बोलता. फोन ठेवल्यावर लक्षात येतं की आपलं काम झालेलं नाही.

मी फिलोमिना लोपीस. वसईची. कथा लिहिते, मराठीत लिहिते, आणि दुसऱ्या कुठल्या भाषेत मला लिहिता येत नाही. घरात कादोडी ही आमची वसईची बोली बोलतो, शाळा मराठी माध्यमाची, चर्चमधली मिस्साही मराठीतच. एवढी ओळख द्यायची खरं तर गरज नव्हती. पण माझं नाव पाहिल्यावर तुम्ही पहिला प्रश्न हाच विचारता : ‘मराठीत लिहिता? स्वतः?’ पुढे कौतुक येतं : ‘तुमचं मराठी छान आहे हो!’ हे वाक्य तुम्ही कधी एखाद्या कुलकर्णीबाईंना ऐकवलंय का?

मुद्द्यावर येते. एका प्रकाशकांनी माझा कथासंग्रह स्वीकारला. कथा आवडल्या, करारही करू म्हणाले, आणि मग फोनवर जरा खाकरून म्हणाले, ‘मॅडम, कथा अगदी आपल्या मातीतल्या आहेत. नाव तेवढं बाहेरचं वाटतं. एखादं टोपणनाव घेऊ या का?’ विचार करते म्हटलं. माझा विचार व्हायच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर मुखपृष्ठ आलं. केळीची बाग, रहाट असलेली विहीर, कडेला लाल लुगड्यातली पाठमोरी बाई. लुगड्याचा काठ आणि निऱ्या दोन्ही बरोबर होते, म्हणजे चित्रकारानं नीट पाहून काढलं होतं. खाली सुरेख वळणदार अक्षरांत नाव : पल्लवी वसईकर. नुसता नमुना म्हणून टाकलंय, बदलता येईल, असं सोबत लिहिलं होतं. अक्षरं इतकी देखणी होती की क्षणभर त्या पल्लवीचा मला हेवा वाटला. आईला दाखवलं तर ती म्हणाली, ‘ही कुणाची सून?’

त्या प्रकाशकांचं नाव लिहिणार नाही. माणूस सज्जन आहे, आणि त्यांनी उघड बोलून दाखवलं तेच तुमच्यापैकी पुष्कळजण मनात ठेवून हस्तलिखित ‘साभार परत’ करतात, असा माझा दाट संशय आहे.

त्यांची बाजूही मांडते, कारण ती अगदीच पोकळ नाही. मराठीत आज अनुवादित पुस्तकं भरपूर निघतात आणि खपतातही. मुखपृष्ठावर परकं नाव दिसलं की वाचक ते पुस्तक अनुवाद समजूनच हातात घेतो. मग मूळ कथा मागायला आलेला गिऱ्हाईक ते उघडतच नाही, आणि अनुवाद शोधणारा दोन पानं चाळून ठेवून देतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका ग्रंथप्रदर्शनात आमच्याकडच्याच एका लेखकाचं पुस्तक अनुवादांच्या टेबलावर मांडलं होतं. स्टॉलवरच्या पोरानं आडनाव वाचलं आणि गठ्ठा तिकडे नेऊन ठेवला. त्याला बोल कसा लावायचा? पुस्तक वाचून मांडणी करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरी भीती अशी की अशा नावाचं पुस्तक ‘ख्रिस्ती साहित्य’ म्हणून धार्मिक कपाटात जाईल. तीही खरी आहे.

पण दुकानातल्या मांडणीची अडचण दुकानातच सोडवायला हवी. मुखपृष्ठावर ‘मराठी कथा’ असे दोन शब्द छापा, मलपृष्ठावर दोन ओळी लिहा, विक्रेत्याला पाठवायच्या यादीत विभाग नमूद करा. तेवढ्यासाठी बाप्तिस्म्यात मिळालेलं नाव खोडायचं, हा इलाज मला फारच महाग वाटतो.

आणि परक्या नावांचं म्हणाल, तर तुमच्या धंद्याचा मूळपुरुषच पाहा. दिवाळी अंकाची प्रथा 1909 साली ‘मनोरंजन’नं पाडली. त्याचे संपादक काशीनाथ रघुनाथ मित्र. मित्र हे बंगाली आडनाव. गृहस्थ मात्र आजगावकर, सिंधुदुर्गातल्या आजगावशी नातं सांगणाऱ्या आडनावाचे. अस्सल कोकणी आडनाव बाजूला ठेवून त्यांनी बंगाली वळणाचं नाव लावलं आणि महाराष्ट्रानं ते बिनतक्रार स्वीकारलं. दर वर्षी दिवाळी अंकांवर लेख येतात, त्यांत का. र. मित्र असतातच. हा बंगाली बाबू कोण, असं कुणी विचारत नाही.

पुढे माधव त्र्यंबक पटवर्धन. शुद्ध चित्पावन नाव, फारसीचे पंडित, रविकिरण मंडळाचे कवी. कविता लिहिताना झाले माधव ज्यूलियन. ज्यूलियन कुठून आला याची कुणी शेलीच्या कवितेशी सांगड घालतं, कुणी एका इंग्रजी कादंबरीतल्या पात्राशी. कुठूनही येवो, आला तो साहेबाच्या देशातूनच. गंमत अशी की हेच पटवर्धन पुढे मराठीतून परके शब्द हुसकावायच्या चळवळीचे खंदे पुरस्कर्ते झाले, ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून गेले. भाषेतून फारसी-इंग्रजी शब्द काढा म्हणणाऱ्या माणसाच्या नावातला ज्यूलियन कुणाला खटकला नाही. 1936 च्या जळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

आणि ग्रेस. नागपूरचे माणिक गोडघाटे. ग्रेस हे नाव आमच्या वसईत गल्लीगल्लीत सापडेल. माझ्या वर्गात दोन होत्या. मराठी कवितेत मात्र ग्रेस म्हटलं की दाढीवाले, गूढ, संध्याकाळचे कवी डोळ्यांसमोर येतात, आणि ते नाव उच्चारताना आपला आवाजही नकळत खाली येतो. 2011 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला तोही याच नावानं. मी त्यांची भक्त आहे, गैरसमज नको. विचारते एवढंच : उद्या माझ्या वर्गातल्या दोघींपैकी एखादीनं कविता लिहून तुमच्याकडे पाठवल्या आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं, ग्रेस अमुकतमुक, तर तिला तुम्ही काय सुचवाल? मी सांगते. माणिक सुचवाल.

माझी तक्रार इथे आहे. परकं नाव मराठी साहित्याला कधीच जड गेलं नाही. पटवर्धनांनी, गोडघाट्यांनी, आजगावकरांनी ते आपणहून घेतलं, तेव्हा त्याला वलय आलं. घरात मूळ नाव शाबूत असलेल्यानं असं नाव हौसेनं पांघरलं की ती कविवृत्ती ठरते. ज्यांना ते आईबापांकडून आलं, ज्यांच्या रेशनकार्डावर तेच आहे, त्यांच्या बाबतीत मात्र ती विक्रीची अडचण. हा भेद कोणत्या तत्त्वावर होतो ते मला समजावून सांगा. वाचकाला नाव उच्चारता येत नाही म्हणावं, तर ज्यूलियन उच्चारणारा वाचक लोपीसला अडेल कसा?

कुणी कुणी समजुतीच्या सुरात म्हणतं, ‘अहो, पोर्तुगीजांनी लादलेलं नाव ते. त्याचा काय अभिमान धरायचा? तुमचं मूळ आडनाव शोधून काढा ना.’ यावर जरा सविस्तर लिहिते, कारण हे सुचवणाऱ्याला आपण माझ्यावर उपकारच करतोय असं वाटत असतं.

वसई 1534 साली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि 1739 साली चिमाजी अप्पांनी ती घेतली. या दोनशे वर्षांत आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले. बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं आडनाव त्यांना लागलं, असं आमच्याकडे सांगतात. त्यात जबरदस्ती किती, राजीखुशी किती, हा इतिहासकारांनी भांडायचा विषय, आणि ते भांडतातही. पण त्यालाही आता शतकं लोटली. पोर्तुगीज गेले, मराठे आले, इंग्रज आले आणि गेले. लोपीस, परेरा, डाबरे, तुस्कानो, घोन्सालविस, दिब्रिटो हे सगळे इथेच राहिले. केळी लावली, फुलं आणि भाजी दादरच्या बाजारात नेली, विहिरी खणल्या, जमिनीसाठी कोर्टकज्जे केले. आमच्या नावांनाही पोर्तुगाल ओळखणार नाही इतकी ती इथल्या तोंडात वळली आहेत : इनास, कैतान, बस्त्याव, पास्कू. लिस्बनच्या रस्त्यात उभं राहून ‘बस्त्याव’ अशी हाक मारून पाहा, कुणी मागे वळतंय का.

मूळ आडनाव? ते कुणालाच माहीत नाही. माझ्या पणज्याचं लोपीस, त्याच्या पणज्याचंही लोपीस. त्याआधीचं एखादं उकरून काढायचं म्हणजे शेवटी अंदाजानंच लावायचं. मग पल्लवी वसईकर काय वाईट? आणि आमच्या शेजारी सामवेदी ब्राह्मणांची घरं आहेत. बोली तीच, विहिरीच्या वाटणीची भांडणं तीच, कथांमधली माणसंही तीच. शेजारच्या घरातल्या मुलीनं ह्याच कथा शब्द न शब्द लिहून पाठवल्या असत्या तर तिला कुणी मुखपृष्ठाचा असा नमुना धाडला नसता.

‘टिळकांनी कुठे नाव बदललं?’ हाही एक हुकमी प्रश्न. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले आणि नारायण वामन टिळकच राहिले. लक्ष्मीबाई लक्ष्मीबाईच. त्याआधी बाबा पदमनजी. 1857 ची त्यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी तुमच्या वाङ्मयेतिहासात पहिल्याच प्रकरणात असते. बरोबर आहे, यांच्यापैकी कुणी नाव बदललं नाही. मी वेगळं काय म्हणते? ज्याला त्याला आपापलं नाव ठेवू द्या, एवढंच तर म्हणते.

फादर स्टीफन्सचं नाव मी या वादात आणत नाही, कारण ते साहेबच होते, खरोखरचे इंग्लंडहून आलेले. पण 27 फेब्रुवारीच्या कार्यक्रमांत सूत्रसंचालक त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’तली मराठीची स्तुती म्हणतात, 1616 साली एका परदेशी पाद्र्यानं आपल्या भाषेला रत्न म्हटलं म्हणून टाळ्या पडतात, तेव्हा प्रेक्षकांत बसलेली मी जरा अवघडून जाते. परक्या माणसानं मराठीचं कौतुक केलं की आपल्याला भरून येतं. परक्या नावाच्या घरच्या माणसानं मराठीत लिहिलं की आपण त्याला नाव बदलायला सांगतो.

फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं काय, असं कुणी म्हणेल. 2020 च्या धाराशिवच्या संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, आमच्या वसईला केवढा आनंद झाला होता! निवड जाहीर झाल्यावर जो विरोध झाला, धमक्यांचे फोन गेले, तेही वसई विसरलेली नाही. पण त्यांच्या नावाआधी ‘फादर’ होतं, ही गोष्टही लक्षात घ्या. त्या एका शब्दानं वाचकाला सगळं कळतं : हे धर्मगुरू, हे चिंतनपर लिहिणार. तसा खुलासा माझ्या नावात नाही. सिसिलिया कार्व्हालो यांनी आपल्याच नावानं मराठीत नाव मिळवलं, त्यांच्या पिढीनं हा चिवटपणा दाखवला म्हणून तर आज माझा आवाज एवढा तरी चढतो. आमच्यासारख्या साध्या बाया-माणसांनी नवऱ्याबायकोच्या, शेतीच्या, लोकलच्या गोष्टी लिहिल्या की वाचकाला कप्पा सापडत नाही. तसा तो सापडायला हवाच का?

आद्याक्षरांची सूचनाही आली होती. ‘फि. लोपीस’ करा म्हणे, किंवा नवऱ्याचं अक्षर मध्ये घाला. आद्याक्षरांची आपल्याकडे मोठीच परंपरा आहे, मान्य. यू. म. पठाण हे संतवाङ्मयाचे एवढे मोठे अभ्यासक, त्याच चालीनं छापले गेले. आडनाव मात्र त्यांनी झाकलं नाही. फ. मुं. शिंदे या नावातल्या फकिराला पाहून कुणाचे काय गैरसमज झाले असतील ते त्यांनाच ठाऊक. पण बाईच्या नावाचं आद्याक्षर झालं की धर्माबरोबर ती बाई आहे हेही पुसलं जातं, आणि माझ्या गोष्टी बाईच्या आहेत.

आता इथे एक फाटा फोडते, माझ्यासारख्याच नावाच्या नव्या मुलामुलींसाठी. संपादकांनी वाचलं तरी हरकत नाही.

टोपणनाव घेणं पाप नाही. घ्यायचंच असेल तर खुशाल घ्या. मालतीबाई बेडेकरांनी 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ विभावरी शिरूरकर या नावानं काढलं. त्यातल्या मजकुरावरून जो गदारोळ उठला तो पाहता त्या नावाआड राहिल्या हे शहाणपणच. आडोसा लिखाणाला लागत असेल तर तो जरूर उभारा. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल शाहीर अमर शेख झाले. त्यात पटेल गेलं, शेख आलं, पुढे अमर आला. लपवाछपवीचं नव्हे, डफावर थाप मारून गर्दीत फेकायचं नाव ते, आणि त्यांच्या मुलीनं, मल्लिका अमर शेख यांनी, ते अख्खंच्या अख्खं आपल्या नावामागे लावलं. चंद्रकांत सखाराम चव्हाण तर आमच्या शेजारच्या अर्नाळ्याचं नाव लावून बाबूराव अर्नाळकर झाले आणि शेकड्यांनी रहस्यकथा खपवून गेले. नाव निवडायची मजा असते, ती घ्या. फक्त ते नाव तुम्हाला सुचलेलं असावं, विक्री विभागाला नव्हे.

घेतलंत तर करारात खरं नाव आणि टोपणनाव दोन्ही लिहून घ्या. मानधनाचा धनादेश खऱ्या नावानं निघायला हवा, पॅनकार्ड आणि बँक टोपणनाव ओळखत नाहीत. आणखी एक, जे आपल्याकडे कुणी सांगत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पुस्तकावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. पण टोपणनावानं छापलेल्या आणि खरा लेखक कधी जाहीरच न झालेल्या पुस्तकाची 60 वर्षं प्रकाशनापासून मोजली जातात. म्हणजे तिशीत पुस्तक काढलंत आणि ऐंशी वर्षं जगलात, तर वारसांच्या हातात फार काही उरत नाही. मुदत संपायच्या आत खरं नाव जाहीर झालं की हिशेब पुन्हा मृत्यूपासून. त्याच कायद्याच्या 57 व्या कलमाप्रमाणे, हक्क विकून टाकलेत तरी ‘हे मी लिहिलं’ असं म्हणायचा तुमचा अधिकार शाबूत राहतो. मला हे एका वकील मैत्रिणीनं समजावलं. पल्लवीच्या मुखपृष्ठातून झालेला हा एक फायदा.

परत तुमच्याकडे, संपादक मंडळी. डिसेंबरबद्दल बोलायचं राहिलं. वर्षभर ज्यांना माझं नाव अडचणीचं वाटतं, तेच डिसेंबर उजाडला की फोन करतात. नाताळावर लेख हवा असतो : गोठा, करंज्या, आठवणी, सर्वधर्मसमभाव, आठशे शब्द, परवापर्यंत. त्या लेखाखाली फिलोमिना लोपीस चालतं. नुसतं चालत नाही, ठळक छापतात. मी ते लेख लिहिले आहेत आणि पुढेही लिहीन. पैसे वेळेवर देणारे लोक आहेत ते. पण माझ्या कथेतली बाई गणपतीच्या गर्दीत लोकल चुकवते, सासूशी वाद घालते, तिच्या डोक्यात नाताळ नसतोही. ती कथा कुठल्या महिन्यात छापायची?

मागणं थोडक्यात सांगते. हस्तलिखित स्वीकारताना ‘नाव काय छापायचं?’ हा प्रश्न सगळ्यांना विचारा, जोशींना आणि जॉर्जनाही, म्हणजे तो सल्ला राहणार नाही, नुसती चौकशी होईल. नाव बदललं नाही म्हणून कथा परत करणार असाल तर पत्रात तसं लिहा, ‘अंकाच्या धोरणात बसत नाही’ असं नको. ते धोरण तरी आम्हाला वाचायला मिळू दे. विक्रेत्यांच्या याद्यांत आमची पुस्तकं ‘अनुवादित’मध्ये गेली असतील तर ती एकदा नजरेखालून घाला. परीक्षणात ‘या समाजाचं चित्रण’ याच्या पुढे जाऊन वाक्यरचनेबद्दल, पात्रांबद्दल दोन ओळी लिहायला सांगा, शिव्या घातल्या तरी चालतील.

त्या प्रकाशकांना मी कळवलं आहे. पुस्तक माझ्याच नावानं निघणार असेल तर निघेल. त्यांनी महिनाभराची मुदत मागितली आहे, मी दिली आहे. मुखपृष्ठाचं चित्र मात्र तेच ठेवा म्हटलंय, चित्रकाराची मेहनत वाया जायला नको.

आणि मुद्रितशोधकांना एक निरोप. माझ्या तीन कथा वेगवेगळ्या दिवाळी अंकांत आल्या, तीन तऱ्हेनं छापल्या : लोपेझ, लोपेस आणि एकीत चक्क लोपेज. फुटबॉलपटू आणि हॉलीवूडच्या नट्यांच्या चालीवर माझं आडनाव दुरुस्त करू नका, ते इथलं आहे आणि इथे असंच लिहितात. प दीर्घ, शेवटी स. पहिल्या नावात म ऱ्हस्व.

कळावे,
फिलोमिना लोपीस
वसई